जनरल सर्व्हिस मेडल १९४७: तीन पदकांची तपासणी, सफाई आणि मांडणी (प्रकल्प नोंदी)

४ जून. नग दाखल

एका काचपेटीत मांडायला तीन पदकं आली आहेत. तिन्ही जनरल सर्व्हिस मेडल १९४७, म्हणजे फौजी बोलीत जीएसएम. स्वातंत्र्यानंतर प्रत्यक्ष मोहिमेवर, धोक्याच्या जागी तैनात असलेल्यांना मिळालेलं हे पदक. शौर्याच्या एखाद्या कृत्यासाठी ते दिलं जात नाही. ठरावीक मोहिमेच्या हद्दीत, ठरावीक काळात हजर असणं हाच निकष. म्हणून पदक सगळ्यांचं सारखंच असतं. मोहीम कोणती ते फितीवरची पट्टी (क्लॅस्प) सांगते आणि माणूस कोण ते कडेवरची अक्षरं सांगतात. या कामात जे काही बिघडू शकतं ते याच दोन ठिकाणी.

ओळख: ३६ मि.मी. व्यासाची गोल चकती, क्युप्रोनिकेल (तांबं आणि निकेलचा मिश्रधातू). दर्शनी बाजूला टोक वर केलेली भवानी तलवार, भोवती प्रभावळ. मागे कळ्यांसह कमळ आणि रोमन अक्षरांत ‘जनरल सर्व्हिस’, खाली ‘इंडिया’. फीत लाल, तिच्यावर गडद हिरव्या पाच बारीक उभ्या रेघा. तलवारीचं चित्र प्रतीक म्हणून आहे. मूळ भवानी कशी होती याचा पुरावा म्हणून ते दाखवू नये. मराठी प्रेक्षक पहिला प्रश्न हाच विचारतात, तेव्हा माहितीफलकावर एक ओळ ठेवावी लागेल.

नग क: पट्टी ‘जम्मू अँड काश्मीर’. कडेवर मराठा लाइट इन्फन्ट्रीचा शिपाई. फीत जुनी, मागची पिन गंजलेली.
नग ख: पट्टी ‘गोवा १९६१’. हीच रेजिमेंट, नाईक. फीत नंतर कधीतरी बदललेली.
नग ग: पट्टी ‘नागा हिल्स’. कड कोरी. हातात घेतल्यावर हलकं वाटतं.

तिन्ही नग प्लॅस्टिकच्या मऊ पाकिटांत आले. पाकिटं चिकट झाली आहेत. तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवली, पाकिटाच्या कोपऱ्याला टेकवली आणि पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली. म्हणजे प्लॅस्टिकमध्ये क्लोरीन आहे, पाकिटं पीव्हीसीची आहेत. ही चाचणी खिडकी उघडी ठेवून करायची आणि धूर नाकात जाऊ द्यायचा नाही. पदकं लगेच पॉलिएस्टरच्या पाकिटांत हलवली. पीव्हीसीतून सुटणारं आम्ल आणि तेलकट मऊकारक दोन्ही तांब्याच्या मिश्रधातूला खातात. ‘पदक इतकी वर्षं जपून ठेवलं होतं’ असं ज्या नगाबद्दल सांगितलं जातं त्याच नगावर हिरवा थर सर्वांत जाड निघतो, त्याचं कारण बहुधा हे पाकीटच.

६ जून. कडेचं वाचन

सफाईच्या आधी कड वाचून घ्यायची. क्रम उलटा केला तर वाचायला काही उरत नाही. ३६ मि.मी. व्यासाला कडेची लांबी साधारण ११३ मि.मी. भरते. कागदावर ११३ मि.मी.ची रेघ आखली, पदक सुलट धरून वरच्या दांडीच्या (पदक फितीला अडकवणाऱ्या) मध्याला शून्य मानलं आणि घड्याळाच्या दिशेनं कुठल्या मि.मी.वर कुठलं अक्षर येतं ते लिहीत गेलो. एकेका नगाचे आठ फोटो, प्रत्येकी ४५ अंश फिरवून. दिवा एकच, कडेशी १० ते १५ अंशांत तिरका. समोरून उजेड टाकला तर उथळ अक्षरं गायब होतात.

कार्बन पेन्सिल आणि पातळ कागदानं ठसा घेण्याची जुनी पद्धत वापरली नाही. दाबानं सैल झालेला कळंक अक्षरांत जाऊन बसतो आणि पेन्सिलीची काजळीही आत राहते.

क वर सैनिक क्रमांक पाच आकडी आहे, ख वर सात आकडी. यावरून कुणी क ला बनावट म्हणेल, तर तसं नाही. फाळणीच्या सुमारास नोकरीत असलेल्या अनेकांचे क्रमांक पाच आकडीच होते. १९४८ च्या नौशेरा भागातल्या लढाईसाठी परमवीरचक्र मिळालेले नायक जदुनाथ सिंह यांचा क्रमांक २७३७३, तर १९६५ चे अब्दुल हमीद यांचा २६३९८८५. सात आकडी मालिकेत सुरुवातीचे दोन आकडे रेजिमेंट सांगतात: २६ ग्रेनेडियर्स, २७ मराठा, ४५ महार. म्हणून कडेवर मराठा आणि क्रमांकाच्या सुरुवातीला ४५ असं दिसलं तर थांबायचं. दुसऱ्या रेजिमेंटमध्ये बदली झालेली असू शकते किंवा अक्षरं नंतर मारलेली असू शकतात. ख चा क्रमांक २७ नं सुरू होतो, जुळतं.

हुद्दाही काळ सांगतो. ‘जमादार’ हे पद १९६५ मध्ये ‘नायब सुभेदार’ झालं. ‘गोवा १९६१’ पट्टीच्या पदकावर ‘नायब सुभेदार’ दिसलं, तर पदक उशिरा दिलं गेलं का, की नाव नंतर टाकलं, हे तपासावं लागतं. क्रमांकाआधी ‘जेसी’ असेल तर ज्युनिअर कमिशन्ड अधिकारी, ‘आयसी’ असेल तर कमिशन्ड अधिकारी. ‘आयसी’च्या पुढे ‘हवालदार’ आलं तर ती सरळ गफलत.

क च्या कडेवर २३ ते ३४ मि.मी. या भागात अक्षरं पुसट आहेत, पण खाचेचा तळ शाबूत आहे. ती झिज वापराची आहे. एका रांगेत टाचलेली पदकं चालताना एकमेकांवर आपटतात आणि ज्या बाजूला शेजारचं पदक असतं त्या बाजूची कड आधी जाते. कानस मारून नाव काढलेलं असतं तर झिज एका बाजूला न राहता सगळीकडे दिसली असती.

११ जून. माप आणि घनता

डिजिटल व्हर्निअर, चार दिशांनी माप: १२–६, ३–९ आणि दोन तिरपे व्यास. व्हर्निअरच्या जबड्यांना पातळ पॉलिएस्टर फिल्म लावून, तिची जाडी वजा करून.

क: ३५.९८, ३५.९१, ३५.९६, ३५.९७. कमी माप ३–९ ला आलं, आणि पुसट अक्षरं त्याच बाजूला आहेत.
ख: चारही मापं ३५.९७ ते ३६.००.
ग: ३५.६ ते ३५.७.

नाव घासून काढलेल्या पदकाचा व्यास कमी भरतो, पण तेव्हा दर्शनी बाजूची उंच किनार बारीक आणि असमान झालेली असते. ग ची किनार सगळीकडे सारखी आहे, मग व्यास कमी कसा? साच्यात ओतलेला धातू निवताना आकसतो. खऱ्या पदकाचा साचा घेऊन ओतलेली प्रत म्हणूनच मूळ पदकापेक्षा थोडी लहान भरते.

घनतेनं शंका मिटली. फीत काढली, तराजू ०.०१ ग्रॅमचा. आधी हवेत वजन, मग बारीक नायलॉनच्या दोऱ्यानं डिस्टिल्ड वॉटरमध्ये लटकवून. हवेतल्या वजनाला वजनातल्या घटीनं भागायचं.

क: २८.४६ ग्रॅम, घट ३.२१, घनता ८.८७
ख: २८.१२ ग्रॅम, घट ३.१६, घनता ८.९०
ग: २४.०५ ग्रॅम, घट ३.२८, घनता ७.३३

क्युप्रोनिकेल ८.९ च्या आसपास असतं. पितळेवर निकेलचा मुलामा असेल तर ८.४–८.५ येतं. ७.३ म्हणजे कथिलप्रधान पांढरा ओतीव धातू. पदकाला हवेचे बुडबुडे चिकटले की घनता खोटी कमी येते. तलवारीच्या प्रभावळीत ते हमखास अडकतात. पाण्यात नॉन-आयनिक डिटर्जंटचा एक थेंब टाकून मऊ ब्रशनं झटकले की सुटतात. मुठीच्या खाचेतला एक बुडबुडा राहिल्यानं ख चं पहिलं वाचन ८.७ आलं होतं.

चुंबकाची चाचणी या पदकाला फारशी उपयोगी नाही. क्युप्रोनिकेलला चुंबक धरत नाही, आणि ग च्या पांढऱ्या धातूलाही धरत नाही. लोखंडावर मुलामा दिलेली नक्कल तेवढी पकडली जाते.

दहापट भिंगातून ग: कमळाच्या पाकळ्यांमध्ये सुईच्या टोकाएवढी भोकं, अक्षरांचे कोपरे गोलसर, कडेवर जोडाची रेघ घासल्याची खूण. ठोकलेल्या पदकावर अक्षराची भिंत आणि सपाट जमीन जिथे मिळतात तिथे कोपरा तीक्ष्ण असतो. क इतकं झिजलेलं असूनही ‘इंडिया’च्या अक्षरांच्या तळाशी तो कोपरा दिसतो.

ग ही ओतीव प्रत आहे. पेटीत राहील, पण ‘प्रत’ असं लिहूनच. खऱ्या पदकाशेजारी खोटं ठेवल्यावर बघणाऱ्याला फरक कळतो, म्हणून काढून टाकायचं नाही असं ठरलं.

१३ जून. पट्ट्या

पट्टी हा या पदकाचा सर्वांत सुटा आणि सर्वांत बोलका भाग. फितीवरून ती सरकवून काढता आली तर दुसऱ्या पदकावरही चढवता येते, म्हणून पट्टी आणि कड एकमेकांशी जुळतात का हे स्वतंत्रपणे पाहायचं.

सर्वांत जास्त घोटाळा काश्मीरच्या पट्टीचा. सैन्य सेवा मेडल या वेगळ्या पदकालाही जम्मू-काश्मीरची पट्टी आहे. ते पदक खडतर हवामान आणि दुर्गम भागातल्या नोकरीचं, जीएसएम मोहिमेचं. सैन्य सेवाच्या पट्ट्या देवनागरीत, क आणि ख वरच्या पट्ट्या रोमन लिपीत. जीएसएमच्या लाल-हिरव्या फितीवर देवनागरी पट्टी दिसली तर ती पट्टी दुसऱ्या पदकाची आहे असं धरून चालायचं. नेफाबाबतही (आजचा अरुणाचल प्रदेश) हाच गोंधळ होतो: सैन्य सेवाला ‘नेफा’ आहे, जीएसएमला ‘नेफा १९६२’ आहे.

‘ओव्हरसीज कोरिया १९५०–५३’ ही पट्टी बाजारात दिसते त्यापेक्षा खरी फार कमी असणार, कारण त्या युद्धात भारतानं लढाऊ फौज पाठवली नव्हती. गेली ती ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स, लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली. हे वैद्यकीय पथक. कडेवर पायदळाची रेजिमेंट आणि वर कोरियाची पट्टी असं जुळणं सहसा खोटं असतं.

क ची पट्टी खालच्या दोन कानांतून बारीक रिव्हेटांनी दांडीला अडकवलेली आहे. दोन्ही रिव्हेटांची डोकी जुनी, काळवंडलेली, आसपास हत्याराचे ओरखडे नाहीत. ती सोडवली नाही. ख ची पट्टी फितीवर सरकती आहे आणि मागून दोऱ्यानं टाचलेली आहे. हा दोरा नव्या फितीच्या वेळचा.

१८ जून. कळंक

ख ला फारसं काही करायचं नाही. क वर तीन प्रकारचा मळ:

एक, काळपट-तपकिरी सलग थर. हा धातूचा आपला रंग. काढायचा नाही.
दोन, मेणासारखा गडद हिरवा चिकट कळंक, दांडीच्या पकडीत आणि पट्टीमागे. चामडं, घाम आणि पाकिटाचं तेल यांतून आलेला.
तीन, पट्टीच्या कानाजवळ फिकट हिरवी भुकटी, टोकरल्यावर खाली खड्डा. चिंता याची आहे. क्लोराइड आत असेल तर दमट हवेत ही भुकटी वाढतच राहते.

सफाई अशी: बकरीच्या केसांच्या कोरड्या ब्रशनं धूळ. मग २०० मि.लि. डिस्टिल्ड वॉटरमध्ये १ मि.लि. नॉन-आयनिक डिटर्जंट, मऊ ब्रश, फक्त धातूवर. तीनदा साध्या डिस्टिल्ड वॉटरनं धुणं, मग पाणी काढायला दोन मिनिटं असिटोनमध्ये. असिटोननं मेणचट कळंक सैल होतो. तो बांबूच्या टोकदार काडीनं भिंगाखाली, अक्षराच्या रेघेच्या दिशेनं काढायचा, आडवा नाही. सुई किंवा ब्लेड वापरायचं नाही. क्युप्रोनिकेल दिसतं कठीण, पण कळंकाखालचा धातू भुसभुशीत झालेला असतो.

चिंच, लिंबू, राख, पितळ घासायची पावडर, अमोनियाचं पॉलिश, यांतलं काहीही नाही. चमक येते हे खरं, पण कडेवरच्या उथळ अक्षराची खोली मिलिमीटरच्या अंशात असते आणि दर दिवाळीला घासलेलं पदक काही दशकांत अनामिक होतं. शिवाय पॉलिशची पांढरी पूड अक्षरांत बसून ओल धरते.

२२ जून. दमट डब्याची चाचणी

झाकणाच्या डब्यात ओला स्पंज, वर प्लॅस्टिकची जाळी, जाळीवर क (फीत काढलेली). २४ तासांनी भिंगातून पाहिलं: कानाजवळ दोन ठिकाणी फिकट हिरवे नवे ठिपके. क्लोराइड जिवंत आहे.

उपाय म्हणून बेंझोट्रायझोल (तांब्याचा कळंक रोखणारं रसायन), इथेनॉलमध्ये ३ टक्के, २४ तास बुडवून. हे रसायन विषारी आहे: नायट्राइल हातमोजे, भुकटी तोलताना मास्क, उरलेलं द्रावण मोरीत न ओतता बाटलीत भरून घातक कचऱ्यात. नंतर इथेनॉलनं धुवून, वाळवून पुन्हा दमट डब्यात. एक ठिपका परत आला, म्हणून तेवढा भाग टोकरून दुसऱ्यांदा बुडवला.

२८ जून. फिती

दुसऱ्या खेपेनंतर क वर ठिपका नाही. मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात दिला. मेण अक्षरांत साचलं की पांढरं दिसतं. कोरड्या ब्रशनं लगेच काढायचं.

क ची फीत मूळची वाटते: मागच्या घडीत, जिथे ऊन लागलं नाही तिथे, लाल रंग गडद आहे आणि पुढे विटकरी झाला आहे. नव्या फितीला मुद्दाम जुनं रूप दिलं असेल तर घडीच्या आतही रंग तसाच उतरलेला असतो. ओल्या कापसाचा बोळा घडीच्या आत मिनिटभर दाबून धरला, बोळा गुलाबी झाला. म्हणजे पाणी लावायचं नाही. नायलॉनची जाळी वर धरून व्हॅक्युम क्लीनरच्या सर्वांत कमी ओढीवर धूळ काढली, इतकंच. इस्त्री नाही. जुन्या घडीवर इस्त्री फिरवली की धागे तिथेच तुटतात.

गंजलेल्या पिनेनं फितीवर तपकिरी डाग पाडला आहे. तो काढायला लागणाऱ्या आम्लानं लाल रंगही जाईल, तेव्हा डाग राहू दे. पिन कापून काढली, फितीखाली आम्लरहित कागद.

५ जुलै. नवी फीत

क च्या जुन्या फितीला आता वजन झेपणार नाही. ती सपाट, पॉलिएस्टरच्या पाकिटात, पदकाशेजारी. पदकाला नवी फीत, पण पट्टी रिव्हेटांनी अडकलेली असल्यामुळे फीत दांडीतून आणि मग पट्टीमागून ओवावी लागली. आधी फितीच्या टोकाला पातळ फिल्मची जीभ शिवली, ती ओढत नेली.

३२ मि.मी. रुंदीची फीत, एका नगाला १२० मि.मी.: दिसणारी ४० मि.मी., मागे तितकीच, वर आणि आत दुमडायला बाकीची. मधली हिरवी रेघ पट्टीच्या मध्यावर आणि दांडीच्या मध्यावर ओळंब्यात आली पाहिजे. एक मि.मी. सरकली तरी पदक तिरकं लोंबकळतं. रेघा छापलेल्या फिती टाळाव्यात. उलट बाजू पाहिली की कळतं, विणलेल्या फितीत रेघ मागेही असते. शिलाई सुती दोऱ्यानं, गाठ मागे. गोंद आणि दुहेरी चिकटपट्टी कुठेही नाही.

तिन्ही पदकं वेगवेगळ्या माणसांची, म्हणून एका दांडीवर ओळीत टाचली नाहीत. तसं केलं तर ती एकाच सैनिकाची वाटतात.

१२ जुलै. पेटी

६० × ४० × ८ सें.मी. आलेली पेटी एमडीएफची (लाकडाच्या तंतूंच्या दाबलेल्या फळ्यांची) होती, परत केली. त्यातून सुटणारी आम्लयुक्त वाफ बंद काचेमागे वर्षभरात नवा कळंक आणते. आता पावडर कोटिंग केलेली अ‍ॅल्युमिनियमची. आत पॉलिइथिलीन फोम, त्यावर न रंगवलेलं धुतलेलं सुती कापड. मखमल आणि लोकरीचं फेल्ट नको. पदकाचा भार फितीवर न टाकता दांडीखाली स्टीलच्या दोन पिनांवर, पिनांना पॉलिइथिलीनची नळी चढवलेली.

सिलिका जेल: घनमीटरला २० किलो या हिशेबानं पेटीच्या ०.०१९ घनमीटरला ३८४ ग्रॅम, घेतलं ४००. निळं जेल नको, त्यात कोबाल्ट असतं. नारिंगी घ्यावं. लक्ष्य आर्द्रता ४० ते ४५ टक्के. धातूला याहून कोरडं आवडतं, पण जुनी फीत तिथे कडक होते. उजेड ५० लक्स.

१९ जुलै. माहितीफलक

क साठी: पदक कोणत्या मोहिमेचं ते लिहायचं, लढाईचं नाव लिहायचं नाही. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला फौज उतरली, १ जानेवारी १९४९ ला शस्त्रसंधी झाली. त्या काळात हा सैनिक नेमका कुठे होता ते पदक सांगत नाही. शेजारी एक उदाहरण: बॉम्बे सॅपर्सचे (लष्कराच्या इंजिनिअर दलाचे) सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांनी ८ ते ११ एप्रिल १९४८ दरम्यान नौशेरा–राजौरी वाटेवरचे सुरुंग आणि अडथळे काढले. त्यांना परमवीरचक्र मिळालं ते त्या कामगिरीसाठी. त्यांच्याबरोबर सुरुंग उचलणाऱ्या साध्या सॅपरच्या छातीवर काश्मीरची पट्टी असलेलं हेच पदक येतं.

ख साठी: दमण पहिल्या मराठा बटालियननं घेतलं हे खरं, पण कडेवर फक्त रेजिमेंट आहे, बटालियन नाही. ‘दमणच्या लढाईतलं पदक’ असा फलक आला होता, तो बदलला. गोव्याच्या मोहिमेतल्या ५० पॅरा ब्रिगेडमधली २ पॅरा (पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन) मूळची मराठाचीच, त्यांच्या पदकावर मात्र पॅराशूट रेजिमेंट येईल. बटालियन ठरवायला डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीच्या वेळी सैनिकाला मिळणारी नोंदवही) लागेल किंवा बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसचं पत्र. पेन्शन नसलेल्या सैनिकांची कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे, तेव्हा घरच्या ट्रंकेतलं डिस्चार्ज बुक आधी शोधायचं.

ग साठी: ‘प्रत. ओतीव पांढरा धातू, घनता ७.३. कड कोरी.’ बस.

२ ऑगस्ट. वाचनं

पेटीतली आर्द्रता पहिल्या आठवड्यात ३४ वर घसरली. नवं जेल फार ओढतं. १०० ग्रॅम काढून घेतल्यावर ४१ ते ४४ वर स्थिरावली, बाहेर ८५ असताना. काढलेलं जेल हवाबंद डब्यात ठेवलं आहे. पेटीतल्या जेलचा रंग उतरला की ते आत, आणि आतलं बाहेर काढून ११० अंशांवर चार-पाच तास तापवायचं. क च्या कानाजवळ भिंगातून काही नवं नाही. ख च्या नव्या फितीची डावी कड उसवते आहे, सोमवारी आत दुमडून टाके.